बुटांची तक्रार

दिवसभर गेम खेळायचे आणि त्यातल्या चुका शोधून परदेशातल्या कंपनीला कळवायच्या, हेच बँकॉकमधल्या आमच्या ऑफिसचं काम. या वेळच्या गेममध्ये एक गोरा हिरो जंगलातल्या पडक्या विहारात खजिना शोधत होता. स्फोट, भुयारं, पाठलाग, सगळं अगदी सिनेमासारखं. शेवटी तो बूट घालून आत शिरायचा, बुद्धाच्या डोक्यावर चढायचा आणि छतात लपवलेला खजिना काढायचा.

हा प्रसंग खेळण्याआधी माझ्या शेजारी बसणारी दुआनताई टेबलाखाली स्वतःच्या चपला काढायची. हिरोला मात्र मूर्तीच्या पायथ्याशीच थांबवून ठेवायची.

"ताई, चढव की त्याला! खोटी मूर्ती आहे ती," मी म्हणालो.

"हो का? मग मघाशी ती दिसल्यावर तुझे हात कसे जोडले गेले?"

तिने रीतसर चूक नोंदवली: 'हिरो बूट घालून बुद्धाच्या डोक्यावर उभा राहतो. ताबडतोब दुरुस्त करावे.'

"झालं! आता तुझ्या नोकरीला हात जोड," मी म्हणालो. सगळे हसले.

पण आठवड्याभरात उत्तर आलं: 'लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार. दुरुस्ती केली आहे.' दुआनताईने ऑफिसात सगळ्यांना आंबा आणि चिकट भात खायला घातला. मग चपला काढून तिने तोच प्रसंग पुन्हा सुरू केला.



बूट हिरोच्या पायातच होते. बुद्धाच्या जागी शिडी होती.