साखर चोळलेले हात

साखरेच्या डब्याचं झाकण खणकन वाजलं आणि दुपारची शांतता मोडली. लेक कूस बदलून पुन्हा झोपली. आईला हायसं वाटलं.

सकाळी तेल लावताना लेक म्हणाली होती, "मावशीचे हात कसे मऊमऊ आहेत. तुझे टोचतात." मावशीकडे भांड्यांना बाई आहे, हे तिला कोण सांगणार? आता आईनं साखरेत खोबरेल तेल कालवलं आणि तळव्यांना हौसेनं चोळलं. धुतल्यावर हात खरंच लोण्यासारखे लागले.

"आई, पाठ चोळ ना," लेक झोपेतच पुटपुटली.

आईनं पाठीवर हात फिरवला. लेकीनं तो झटकला.

"मावशी नको. आई हवी."

"अगं, मीच आहे."

लेकीनं डोळे न उघडताच तिचा तळवा चाचपला.

"मग तुझे हात कुठे गेले?"