अखंड खडा
वैजयंतीबाईंच्या नवऱ्यानं उभा जन्म तांब्याच्या संयुगांवर संशोधन करण्यात घालवला. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, तेव्हा शेवटच्या संयुगाच्या द्रावणाचा बीकर जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये कपाटात आला. “स्फटिकाचा अखंड खडा धरला, तर आतली रचना कळेल. धक्का लागला, की नुसता भुगा,” ते म्हणायचे. मग घरात मिक्सर बंद, पावलं दबकी. “बाळंतिणीचं तरी सव्वा महिन्यात उरकतं की,” बाई टोमणा मारायच्या. आज पहाटे ते झोपेतच गेले. मंद्रूपहून थोरली नणंद आली आणि हंबरडा फोडून दारातच धपकन बसली. फरशी हादरली, तशा बाई उठून आधी कपाटाकडं धावल्या. बीकरच्या तळाशी मोहरीएवढा निळा खडा होता. काल तिथं काहीच नव्हतं. त्यांनी परत येऊन नणंदेला उराशी घेतलं. “हळू रडा, वन्सं,” त्या कुजबुजल्या. “त्यांचा खडा आत्ता कुठं धरलाय.”