भगताचे दात

सुपडू भगताने दोरखंड दातांत धरला आणि सारी जत्रा श्वास रोखून उभी राहिली. कंबरेला दोर बांधून खंडोबाच्या बारा गाड्या ओढायचा मान त्याच्या घराण्यात सात पिढ्यांचा. पण एक्क्याऐंशीव्या वर्षी कंबरेने दगा दिला, आणि यंदा गाड्या हलल्या नाहीत तर मान भिकन पहिलवानाच्या घरी जाणार होता. मग दातांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नातीने, प्रणिताने, आबांच्या सिरॅमिकच्या बत्तीस दातांवर केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ थर चढवला.

"आबा, आता दाताला चीर पडायची नाही. डोंगर चावा!"

भगताने पाय रोवले, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. ओढण्याआधी भगताने ललकारी द्यायची असते. तोंड उघडावं, तर दोर सुटतो!

"ललकारी नाही, तर गाड्या बाद!" भिकन ओरडला.

पहिल्या गाडीत बसलेली द्वारकाबाई, भगताची बायको, ताडकन उठली. नव्या दातांना तिने साफ नकार दिला होता. आपल्या बोळक्या तोंडाने ती गरजली, "येळकोट येळकोट, जय मल्हार!" देवळावरची कबुतरं उडाली.

"आजी, हे भगतानेच म्हणायचं!"

"अरे भिकन्या, साठ वर्षं ह्यांच्या वाटचं मीच बोलतेय, ते बरं चाललं! आणि आजच चालत नाही होय?"

जत्रा खदखदून हसली. भगतालाही हसू फुटलं, पण ते त्याने दोरासकट दातांत घट्ट दाबलं, आणि बाराच्या बारा गाड्या माणसांसकट धडधडत निघाल्या.