नानांच्या नावावर

नव्या साहेबांनी आल्या आल्या फतवा काढला. डेटाबेसमधलं जुनं-नवं प्रत्येक टेबल आणि प्रोग्राममधलं प्रत्येक व्हेरिएबल, म्हणजे आकडे साठवायचा कप्पा, यांचं नाव ज्याने ते बनवलं त्याच्या नावाने सुरू झालं पाहिजे. "म्हणजे उपद्व्याप कुणाचा, ते लगेच कळेल!"

सगळ्या ऑफिसच्या पगाराचा प्रोग्राम बाब्याच लिहीत होता. एक आकडा चुकला तर सगळे त्याच्याच नावाने खडे फोडणार. तो कीबोर्डवर बोटं ठेवायचा, उचलायचा, पाणी पिऊन यायचा, पुन्हा बसायचा. शेवटी त्याने आपलं नाव खोडून सगळीकडे नानांचं घातलं. ऑफिसातले जुने नाना तर हे नवे साहेब येण्याआधीच निवृत्त होऊन घरी आराम करत होते. त्यांना कोण जाब विचारणार?

पगार बिनचूक झाले. तरी बाब्याच्या जिवाला चैन नव्हतं.

वर्षअखेरीस साहेबांनी त्याला बोलावलं. "या ऑफिसात काम करणारा माणूस एकच, नाना! आणि त्यालाच तुम्ही घरी बसवलंत? तुझ्या नावावर तर साधं एक व्हेरिएबल नाही रे."

खोटं नाव घातलं म्हणून सांगायची बाब्याला सोय कुठे होती? नानांना मानाने परत बोलावलं गेलं आणि त्यांच्यासाठी बाब्याची खुर्ची रिकामी झाली.

दुसऱ्याच दिवशी बाब्याच्या घरी फोन वाजला.

"बाब्या, लेका," पलीकडून नाना दबक्या आवाजात म्हणाले, "मी हे काय लिहून ठेवलंय, ते जरा समजावून सांगतोस का?"