चाळीस वाक्यं

म्हाळसा निम्मं वर्ष आई-बापासोबत मेंढरांमागं असायची आणि पावसाळ्यात शेंद्र्याच्या शाळेत यायची. तिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो, असं जूनमध्ये कुणीतरी म्हणालं. तेवढं पुरलं. आठवीच्या शेवटच्या बाकावर ती एकटीच बसू लागली.

दसऱ्याच्या आधी शहरातून एक पीएच.डी.वाल्या मॅडम आल्या. या वयातल्या मुलांना दुसऱ्याचं दुःख किती कळतं, ते त्यांना मोजायचं होतं. कागदावर चाळीस वाक्यं होती आणि प्रत्येकापुढं 'नेहमी', 'कधी कधी', 'कधीच नाही'. कुणी कुणाचं बघू नये म्हणून मॅडमनी पोरांना लांब लांब बसवलं. तशी पुढच्या बाकावरची रेणुका म्हाळसाच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला आली.

सगळ्यांची पानं उलटली, तरी म्हाळसाचं बोट अजून दुसऱ्या वाक्यावरच होतं. रेणुका सरकून जवळ आली.

"कुठं अडलं गं?"

चार महिन्यांत वर्गातलं कुणी तिच्याशी पहिल्यांदाच बोललं होतं.

"हे. लई लांब हाय."

रेणुकानं हळू आवाजात वाचून दाखवलं, "कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर मी त्याच्याजवळ जाते."

"ए, बोलायचं नाही म्हटलं होतं ना!" मॅडमनी दोघींचे कागद काढून घेतले आणि रेणुकाला उठवून पुढं बसवलं.

संध्याकाळी मॅडमनी अहवालात लिहिलं:



'वर्गाची सहानुभूती उत्तम. दोन उत्तरपत्रिका रद्द. कारण, एकीने दुसरीला मदत केली.'