पणजोबांची बेकरी

बेकरी उघडून महिना झाला नव्हता, तरी मालकाला बोर्ड मात्र शंभर वर्षांचा हवा होता. पावाला चव नसली की बोर्डाला वय लागतं, हे बोर्डवाल्याला धंद्यात कधीच कळलं होतं. त्याने कॉम्प्युटरवर एक फॉन्ट काढून दाखवला. जाडजूड, टोकाटोकाला पाय फुटलेला, जुन्या जाहिरातींत असायचा तसा.

"हाच! आणि खाली टाक, पणजोबांनी सुरू केलेली."

"पणजोबा पाव भाजायचे?"

"अरे, त्यांनी जन्मात चहासुद्धा केला नाही! पण या अक्षरांत लिहिलं की कोण विचारतंय?"

बोर्डवाला गालातल्या गालात हसला आणि अक्षरांचा रंगही त्याने जागोजागी उडवून दिला.

आठवड्याने मालक धापा टाकत आला.

"आधी तो बोर्ड उतरव बाबा! साधी, नवीकोरी, काल जन्मल्यासारखी अक्षरं टाक."

"का हो? गिऱ्हाइकं फसली नाहीत?"

"गिऱ्हाइकं फसली रे, पण चुलतभाऊसुद्धा फसले! सातजण दुकानात ठाण मांडून बसलेत. म्हणतात, पणजोबांची बेकरी ना, मग वाटणी कर."