म्हशीच्या रक्तातली केळी
केळीवरचा करपा रोग पानावर दिसायच्या आधीच जनुकांवरून ओळखायची पद्धत मी फैजपूरच्या बागांत राबून बसवली होती. पेपर कुठल्या जर्नलला द्यायचा, एवढंच उरलं होतं. माझे पीएचडीचे गाइड सर एका जर्नलचं नाव दाखवत म्हणाले, "कामिनी, चांगली जर्नलं वर्षभर लटकवतात. माझं प्रमोशन अडलंय. इथे पाठव, पैसे भरले की लगेच छापतात." त्या जर्नलात कुणी काही वाचतच नाही, हे दाखवायला मी आधी तिथे एक खोटा पेपर पाठवला. त्यात लिहिलं, केळीचे नमुने आम्ही म्हशीच्या रक्तातून घेतले. दुसऱ्याच दिवशी स्वीकारल्याचा मेल आला. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'नमुन्यांची निवड उत्कृष्ट.' मी लॅपटॉप सरांपुढे सरकवला. केळीचे वेफर्स खात त्यांनी सगळं वाचलं, म्हशीसकट. तेलकट बोट माझ्या नावावर टेकवलं. "म्हैस राहू दे," ते म्हणाले, "फक्त इथे पहिलं नाव माझं टाक."